नंबर टाकणारं मशीन आणि माझं एक्स्टेन्शन

७ ऑक्टोबर १९८१, खंडेनवमी
एकतीस तारखेला अठ्ठावन्न पूर्ण, म्हणजे रिटायर. मॅनेजर अण्णासाहेब म्हणाले, "ज्ञानदेवराव, हे टेपवर चालणारं नवं एनसी मशीन महिनाभर नीट चालवून दाखवा, वर्षाचं एक्स्टेन्शन माझ्याकडे लागलं." धाकटीचं डी.एड.चं एकच वर्ष उरलंय. तेवढं निघालं की झालं. एकोणीस वर्षं पंपाच्या बॉडीवर हातोडीने नंबर ठोकले. इथे नुसतं बटण दाबायचं.
मशीनची पूजा केली. बाकीच्यांनी मशीनच्या दाराला कुंकू लावलं. मी टेप रीडरच्या काचेला. भोकं पाडलेली कागदी टेप तिच्यावरून जाते, खालचा दिवा भोकांतून चमकतो, तेव्हा मशीनला नंबर कळतो. म्हणजे कपाळ तेच. तेलात कालवून लावलं, झडायला नको.

९ ऑक्टोबर
पहिल्याच बॉडीवर ७३ च्या जागी ४०. टेप पाडते प्लॅनिंगमधली शालनबाई. वय तेवीस. मला शंका होतीच. तिने टेप खिडकीकडे धरून भोकं मोजली. म्हणाली, "काका, टेप बरोबर आहे." आजकाल कोणाला चूक कबूल करवत नाही.

१२ ऑक्टोबर
लाल दिवा लागून मशीन चारदा थांबलं. व्होल्टेज. फोरमन लक्ष्मणरावाला सांगितलं. म्हणाला, "मामा, शेजारचं लेथ त्याच लाइनवर आहे. ते बरं रुसत नाही." त्याला विजेतलं काय कळतं? टिळा फिका वाटला. नवा लावला.

१४ ऑक्टोबर, सकाळी ७
आजपासून चिडायचं नाही. घाई करायची नाही.
दुपारी ३. चुकलेल्या बॉडी सतरा. गोणपाटाखाली ठेवल्या. सावकाश बघू. शालनबाईवर चिडलो, पण तिचीच चूक होती.

१९ ऑक्टोबर
 घरी बायको सोजराबाई रोज विचारते, "मशीन कसं आहे?" जसं काही सुनेचं बाळंतपण. म्हटलं, एकदम झकास. मग मोरीत जाऊन बोटाचं कुंकू धूत बसलो. एक गोणपाट पुरेना, दुसरं आणलं. उद्यापासून टिळा सकाळ-दुपार, दोनदा. श्रद्धेत कमी पडायला नको.

२० ऑक्टोबर
स्टोअरचा खंडू बॉडी न्यायला आला. गोणपाट उचललं. म्हणाला, "मामा, ही अंडी कधीपासून उबवताय?" सगळं शॉप हसलं. मोजल्या. त्रेचाळीस. लक्ष्मणराव हसला नाही. त्याने मशीनवाल्यांना ट्रंक कॉल लावला. बरंच झालं. टेपचा काय तो निकाल लागेल.

२३ ऑक्टोबर
इंजिनियर आला. पोरगेलाच. रीडर उघडला, स्पिरिटचा कापूस काचेवरून फिरवला. कापूस लाल. दुसरा बोळा, तोही लाल. म्हणाला, "ये लाल पेंट किसने लगाया?"  लक्ष्मणराव माझ्या बोटाकडे बघत होता. मग शालनबाईची तीच टेप लावली. नंबर बरोबर आला.
यात माझा दोष नाही. देवाचं कुंकू चालत नाही, हे मशीनच्या पुस्तकात लिहायला हवं होतं.

३१ ऑक्टोबर
एक्स्टेन्शन मिळालं! अण्णासाहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं. चुकलेल्या त्रेचाळीस बॉडींचे नंबर ग्राइंडरने घासायचे आणि हाताने नवे ठोकायचे. ते काम संपेपर्यंत. मशीनवर उद्यापासून शालनबाई.
बसमध्ये विचार केला. काम संपेपर्यंत म्हणजे तारीख दिलेली नाही. दिवसाला एक बॉडी केली तर डिसेंबर निम्मा जाईल. तोवर साहेबांचा रागही जाईल, मग वर्षाचं बोलता येईल. उद्यापासून हात मुद्दाम सावकाश चालवायचा. एका बॉडीला एक दिवस. सोजराबाईला एवढंच सांगितलं की मिळालं. तिने शिरा केला.

१ नोव्हेंबर
सातला ट्रॉलीवरच्या त्रेचाळीसांतली पहिली बॉडी घेतली. जुना नंबर घासला, आकड्याचा पंच लावला, हातोडी उचलली. मधेच लक्ष्मणराव मागे येऊन म्हणाला, "वा मामा! एक आकडा तिरका नाही." किती दिवसांनी बरं वाटलं. चहाला उठायचंही राहून गेलं. पावणेतीनला पुढची बॉडी घ्यायला हात मागे नेला.
ट्रॉली रिकामी.