हिला काय म्हणावं

९ जानेवारी २०१७, सोमवार
नवी वही. संकल्प एकच: मार्चपर्यंत ही लंडनहून घरी. लंडन म्हणजे इथलं, कॅनडातलं, हॅमिल्टनहून दीड तासावरचं. हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून गेली. जाताना एवढंच म्हणाली की बावीस वर्षांत मी तिला कधी धड हाक मारली नाही, नुसतं 'अगं' आणि 'ऐकलंस का'. म्हणजे मुद्दा किरकोळ आहे. एखादा चांगला शब्द हवा.

१२ जानेवारी
शब्द सापडला! वर्कशॉपमध्ये लंचला तीन आयरिश असतात. डेक्लन डब्लिनचा. त्यांच्याकडे बायकोला 'मॉट' म्हणतात. लगेच हिच्या व्हॉइसमेलवर सोडला: हॅलो माय मॉट, मी बर्नार्ड. उलट फोन नाही. ड्यूटीवर असणार.

१९ जानेवारी
फिनबार कॉर्कचा. तो म्हणतो, मॉट कसलं, 'ब्योर' म्हण. ट्रेव्हर बेलफास्टचा, त्याचं 'वी डॉल', म्हणजे छोटी बाहुली. तिघं इतके भांडले की फोरमन ओरडला. मी सगळं लिहून घेतलं. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा राहिला, पण हे काम महत्त्वाचं.

२९ जानेवारी, रविवार
चर्चची मिस्सा बुडवली. फार थंडी. हिने एकदाचा फोन उचलला. ब्योर म्हटलं. हिने विचारलं, माझं नाव विसरलास का. चेष्टेच्या मूडमध्ये आहे, खूण चांगली. तुझा विंटर कोट इथेच राहिलाय म्हटलं, तर म्हणाली राहू दे. म्हणजे परत यायचं डोक्यात आहे.

१४ फेब्रुवारी
कार्ड पाठवलं. 'टु माय वी डॉल.' तिन्ही गावं संपली. एकटं जेवायचा कंटाळा येतो. सिरियल खाल्लं.

३ मार्च
तिघांचं एकदाचं जमलं. बायकोचा विषय निघाला की नुसतं 'हरसेल्फ' म्हणायचं. नाव नाही, गाव नाही. अरे, ही तर आपलीच 'ही'! मग बावीस वर्षं माझं चुकलं काय? १७ मार्चला आयरिश लोकांचा सण, सेंट पॅट्रिक्स डे; त्याच्या घरी जेवायला किती जण येणार, डेक्लनने विचारलं. दोन, म्हटलं. हिला मेसेज टाकला.

१७ मार्च, दुपारी ४:१०
व्हॅक्यूम केलं. निळा शर्ट. ही साडेपाचच्या बसने येईलच.

१७ मार्च, रात्री ९
आली नाही. लंडनकडे बर्फ असेल. माझ्या शेजारच्या प्लेटवर 'हरसेल्फ' लिहिलेलं कार्ड, खुर्ची रिकामी. डेक्लनच्या बायकोने हिचं जेवण डब्यात भरून दिलं. तो तिला सारखा शिवॉन, शिवॉन अशा हाका मारत होता. बाकीचे दोघेही आपापल्या बायकांना नावानेच. मॉट नाही, ब्योर नाही, डॉल नाही. ते शब्द म्हणे फक्त लंच टेबलावरचे. हे आधी सांगायला काय झालं होतं?

२० मार्च
वकिलाचं पत्र आलं. वर हिचं नाव, माहेरच्या आडनावासकट: ग्लेन्डा डिमेलो. लंचला तिघांना विचारलं, आता काय म्हणायचं. पहिल्यांदाच वाद झाला नाही. तिन्ही गावांत 'एक्स'च म्हणतात. यादीत घेतला नाही.

घरी येऊन किचनमध्ये उभा राहिलो आणि ग्लेन्डा म्हणून पाहिलं. दोनदा. अजिबात अवघड नाही. लगेच फोन लावला.

नंबर बदललाय.