सुईवर माझा विश्वास नाही

५ फेब्रुवारी १९४०. कारंजा.
आजपासून धंद्याला लागलो. धनसिंग उस्तादांचं गोंदणाचं दुकान, जुन्या बाजारात. बॅटरीवर चालणारी गोंदणाची मशीन या भागात फक्त यांच्याकडे. मी सातवी फायनल पास, अक्षर मोत्यासारखं. उस्तादांना सही करतानाही घाम फुटतो. म्हणजे दुकान शेवटी कोणाच्या हातात येणार हे उघड आहे.
रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेत उस्ताद पाल ठोकतात. यंदा दुसरी मशीन येणार. म्हणे, तोवर हात बसला तर तिच्यावर तू बसजो, नायी बसला तर वावरात जाजो. ‘नायी’ म्हणताना माझ्याकडे पाहिलं. लक्षात ठेवलं आहे.
माझं काम सध्या गिऱ्हाइकाचा हात घट्ट धरणं. धरतो, पण भिंतीकडे पाहतो. दुकानावर कोणाची तरी नजर हवी.

८ फेब्रुवारी
उस्तादांची रीत अशी की शिकणाऱ्यानं पहिलं गोंदण स्वतःच्या मांडीवर काढायचं. स्वतःच्या मांडीवरचा विंचू त्यांनी दाखवला. वाकडा आहे. म्हणे, सुई कशी लागते हे ज्याले ठाऊक नायी त्यानं दुसऱ्याले टोचू नये.
डाव ओळखला. नवा माणूस लंगडत घरी बसला की धंद्यात वाटेकरी उरत नाही. मी म्हणालो, आधी दुधी भोपळ्यावर प्रॅक्टिस करतो. उस्ताद हसले. यात काहीतरी आहे.

११ फेब्रुवारी
घरचं प्रकरण. माझ्या बायकोच्या, रुख्मिणीच्या, हातावर गोंदण नाही. लहानपणी आजारपणात राहून गेलं, पुढे माहेरच्यांनी मनावर घेतलं नाही. म्हणून लग्न झाल्यापासून माय तिच्या हातचं पाणी पीत नाही. म्हणे, कोऱ्या हाताचं पानी मले चालत नायी. गुडघे दुखत असताना स्वतः रांजणापाशी जाते आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं कण्हते.
आज सोजरबाई गोंदणारीण दारावर आली. रुख्मिणीनं परत पाठवली. मला म्हणे, घरचा मानूस शिकून राह्यला, मंग मी दुसऱ्याजवळून काहून टोचून घेऊ? पयलं गोंदन तुमच्याच हातचं.
बरं वाटलं. फारच बरं वाटलं. जत्रेच्या आधी काढून देतो असं वचन दिलं. नंतर मनात आलं, हिचा माझ्यावर एवढा भरवसा का असावा?

१९ फेब्रुवारी
दांडीला बांधलेल्या सुया उस्तादांनी घरी न्यायला दिल्या. भोपळ्यावर तुळस काढली. कोळी झाला. बाजारातल्या बाईनं मुद्दाम जून भोपळा दिला. तिची आणि उस्तादांची ओळख आहे.

२० फेब्रुवारी, सकाळी
त्याच भोपळ्याच्या मागच्या बाजूला मोर! सुबक, पिसारा फुललेला. मी काढल्याचं आठवत नाही. पण घरात सुई धरणारा दुसरा आहेच कोण? माझा हात मला न विचारताच बसत चालला आहे. थोर कारागिरांचं असंच होत असावं.
रुख्मिणीच्या बोटांना काजळी दिसली. विचारलं तर म्हणे, चुलीची. चुलीपाशी जरा जपून बसत जा, असं समजावलं.

२६ फेब्रुवारी
मोर दुकानात नेला. उस्तादांनी भोपळा फिरवून फिरवून पाहिला. म्हणे, हा हात कोनाचा? मी म्हटलं, माझा. म्हणे, तुयाच? माणसाचा मत्सर काही केल्या लपत नाही.
दुपारी म्हणे, मंग आता काढ मांडीवर. मांडीला गळू झालं आहे असं सांगितलं. डाव्या. लिहून ठेवलेलं बरं.

४ मार्च
मशीनबद्दल शंका येते. करंट सुईतून रक्तात उतरतो का, याचा उस्तादांनी कधी खुलासा केलेला नाही. आज सरळ विचारलं. म्हणे, उतरत असता तर मी आतालोक मोटारीवानी धावलो असतो. गंभीर प्रश्नाची थट्टा करणारा माणूस काहीतरी लपवत असतो.
पुंजाजी पहिलवान दंडावर मारुती काढून घ्यायला आला. उस्तादांनी मशीन माझ्या हातात दिली. पुंजाजी म्हणे, पयले तुया हातावरचं दाखव. माझे दोन्ही हात कोरे. तो सरळ उठून उस्तादांपुढे बसला. म्हणे, ज्यानं सोता टोचून घेतलं नायी त्याच्यापुढं मी दंड धरत नसतो. पढवून आणलेला माणूस, दुसरं काय.
मारुतीच्या शेपटीपाशी रक्त आलं तेव्हा मी चहा सांगायला बाहेर पडलो. चहा कोणी मागितला नव्हता. पण दुकानाला काही इज्जत असते.

१५ मार्च
वाईट दिवस. मायचे गुडघे सुजले आहेत, तरी रांजणापाशी गेली आणि तोल जाऊन पडली. रुख्मिणीनं उचलून खाटेवर बसवलं, पाय चोळले, पेला भरून पुढे केला. मायनं तोंड फिरवलं. रुख्मिणी चुलीपाशी जाऊन रडली. मला ते पाहवेना.
नंतर ती हळूच म्हणे, तुमाले सुईचं भेव वाटते काय? वाटत असंन तर सांगा, मी हासनार नायी. मी म्हटलं, भेव आणि मला? युद्धामुळे बाजारात सुया कसल्या येतात कोण जाणे. खात्री झाल्याशिवाय घरच्या माणसाला टोचणार नाही.
हे तिच्या डोक्यात भरवलं कोणी? परवा उस्ताद आमच्या गल्लीतून गेले होते. मी पाहिलं आहे.

२ एप्रिल
दुसरी मशीन आली. घरात मोरांचे भोपळे इतके झाले की रोज दुधीचीच भाजी आहे. हात पक्का बसला.
उस्ताद म्हणे, पाडव्याले घरच्या बाईले घेऊन ये. तिच्या हातावर सगळ्यायसमोर तुळस काढ, मंग जत्रेत मशीन तुयी. सगळ्यांसमोर कशाला? पण नाही म्हटलं तर मशीन हातची जाते. हो म्हणून आलो.

८ एप्रिल, पाडवा, पहाटे
निश्चय. श्वास रोखणे. रक्ताकडे न पाहणे. सुईकडे न पाहणे. मग पाहायचं कुठे, ते जागेवर ठरवू.

त्याच दिवशी, संध्याकाळी
थोडक्यात लिहितो.
रुख्मिणीनं हात पुढे केला. हसत होती. माय पायरीवर येऊन बसली होती. मी मशीन सुरू केली. पहिला ठिपका अगदी जागेवर पडला, हे सर्वांनी पाहिलं आहे. मग त्या ठिपक्यावर लाल थेंब आला.
त्या दुकानात हवा फार कमी आहे.
डोळे उघडले तेव्हा नाकाला फोडलेला कांदा होता आणि डोकं मायच्या मांडीवर. मशीनचा आवाज चालूच होता. रुख्मिणी उजव्या हातानं मशीन धरून स्वतःच्या डाव्या हातावर तुळस पुरी करत होती. ओठ घट्ट मिटलेले, हात जराही हलत नव्हता. उस्ताद तिला म्हणे, भोपयावरचे मोर तुयेच नं, बाई? ती म्हणे, हो. हे झोपले का मी काढत होती. सांगतलं असतं तर यायले वाईट वाटलं असतं.
वाईट वाटलंच. लाज वाटली. मग माय म्हणे, रुख्मिणी, पानी आन वं. तिनं त्याच हातानं पेला दिला. माय सगळा प्यायली आणि आणखी मागितलं.
तुळस चांगली उठली आहे. पहिला ठिपका माझा.

१६ एप्रिल, पोहरादेवी
दुसऱ्या मशीनवर रुख्मिणी. तांड्यांवरच्या बाया उस्तादांची मशीन सोडून तिच्याकडेच गर्दी करतात. मी बाहेर उभा राहून एकेकीला आत सोडतो. उस्ताद म्हणे, हे काम सगळ्यायले जमत नायी. खरं बोलत होते की नाही, कळलं नाही.
धनीबाई नावाच्या म्हातारीनं माझ्याकडे बोट करून विचारलं, हा कोन? रुख्मिणी म्हणे, माये मालक. यायनं पयला टिपका टाकला म्हनून मले पुढं जमलं. यात टोमणा असणार म्हणून दिवसभर शोधला. सापडला नाही.

२२ एप्रिल, सोमवार. कारंजा.
संध्याकाळी गिऱ्हाइकं संपली. रुख्मिणीनं समोरचं स्टूल पुसलं आणि म्हणे, बसा. एकच टिपका काढते. मंग पुंजाजीवानी लोक तुमालेबी हात देतीन. उस्ताद पाठमोरे होऊन मशीनला तेल देत बसले होते. ते तेल संपता संपेना.
बसलो. बाही वर केली. तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात गरम होता. मशीन सुरू झाली आणि नेमकं आठवलं की सोमवारी अंगातून रक्त काढू नये. कोण म्हणतं ते विचारून ठेवायला हवं.
ती म्हणे, बरं, मंग उद्या.
उद्या मंगळवार. मंगळवारचं काय ते सकाळी बघतो.