भिंतीपलीकडचं पुटपुटणं

४ एप्रिल

काजळीच्या पोटाखालची तीन अंडी फुकट गेली. पिल्लं पुरती भरलेली. एकानं तर आतून कवचाला टोचाही मारलेला, आणि तिथंच थांबून मेलेलं. काजळी वर आपली बसून. तिला पत्ताच नाही.

मागच्या आठवड्यात फटाकडीचंही हेच झालं. इतकी वर्षं कोंबड्या अंड्यांवर बसवतेय, एखादं अंडं जातंच. पण असं ओळीनं? कुठेतरी पाणी मुरतंय. यात थोरलीचा, माझ्या जावेचा, हात आहे. कसा, ते अजून कळलेलं नाही.

५ एप्रिल

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

घर एक, भाऊ दोन. दोघंही गेले. उरलो आम्ही जावा-जावा. मधे परसातली भिंत, माणसाच्या डोक्याच्या वर. तिकडे ती आणि तिचा बोका, इकडे मी आणि कोंबड्या. बाकी दोघींचीही लेकरं लांब.

रोज चारला तिची हाक यायची — ‘धाकटे, चहा टाकलाय!’ एकच हाक. दुसरी तिनं जन्मात कधी मारली नाही. ‘यायचं त्याला एक हाक पुरते,’ म्हणायची. आणि मीही हाकेशिवाय कधी गेले नाही. न बोलावता जाऊन बसायला मी काय वाटेवर पडलेय?

फेब्रुवारी संपता संपता ती हाक बंद झाली. भांडण नाही, तंटा नाही. दोन दिवस वाटलं, बरं नसेल. तिसऱ्या दिवशी दारात दिसली तर माझ्याकडे बघून तोंड फिरवलं आणि आत गेली! मग मीही कानाला खडा लावला. तेव्हापासून अबोला.

कारण मला ठाऊक आहे. त्याच आठवड्यात माझ्या मुलानं पंखा पाठवला. कारखान्यात असतो तसला, टोपलीएवढा. उन्हाळ्यात खुराड्यात कोंबड्या धापा टाकतात म्हणून. माणूस येऊन खुराड्याच्या भिंतीत बसवून गेला. रात्रंदिवस चालतो. तिच्या मुलीनं आजवर एक चमचा तरी पाठवलाय का? पोटात दुखणारच.

९ एप्रिल

मुलाचा फोन. मी खुराड्यातच होते. म्हणतो, ‘आई, ओरडतेस कशाला? कुणाशी भांडलीस का?’

मी कुठे ओरडले! थोरलीनंच त्याचे कान भरलेत. फोन नंबर आहे तिच्याकडे.

१२ एप्रिल

वाण्याकडे गेले होते. कणी तोलता तोलता म्हणतो, ‘थोरल्या बाई लेकीकडे जायचं म्हणतायत. कायमच्या.’

‘जाऊ देत की,’ म्हटलं.

घरी येईपर्यंत पिशवीचा बंद हाताला रुतला होता. कायमच्या म्हणजे? आणि तिची अर्धी बाजू? कुलूप लावणार? की कुणाला विकणार? मला विचारायची पद्धत आहे का नाही? लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या रात्री रडत बसले होते, तर हीच उशाशी येऊन बसली होती. आता वाण्याला सांगते, मला नाही.

जाण्याआधी माझ्या कोंबड्यांचं वाटोळं करून जायचं ठरवलंय. एवढंच असणार.

१४ एप्रिल

बुलबुलानं यंदा घरटं तिच्या बाजूच्या वेलावर केलंय. दरवर्षी माझ्या खिडकीशी करतो. पाखरंसुद्धा फितवली बाईनं.

१७ एप्रिल

काजळीची चार पिल्लं जगलीत. परसात सोडते. आज शिक्रा आला आणि एक उचलून घेऊन गेला. माझ्या डोळ्यांदेखत.

शिक्रा काय नवा नाही. पण काजळीनं त्याला वेळेवर पाहिलं होतं. मान ताणली, चोच उघडली, पिसं फुलवली — आणि पिल्लं आपली दाणे टिपत राहिली! पूर्वी तिनं नुसतं सूं केलं की धावत येऊन पंखाखाली शिरायची. आता जशी बहिरी. भरड्यात काहीतरी मिसळलं असणार कुणीतरी. कुणी, ते सांगायला नको.

आजपासून भरडा घरात. कुलपात.

२१ एप्रिल

सापडलं! सापडलंच!

न्हाणीघराच्या झरोक्यातून पाटावर उभं राहिलं की तिचं परस दिसतं. भरडा ठेवायला आले आणि सहज डोकावले. चारचा सुमार. थोरली भिंतीला तोंड करून उभी — माझ्या खुराड्याच्या बरोब्बर समोर. ओठ हलले. काहीतरी पुटपुटली. मग थोडा वेळ तशीच उभी राहिली, गुण आला का बघत असावी. मग पदर सावरून आत गेली.

मंत्र घालतेय. माझ्यावर तर पाटावरून पडायचीच वेळ आली होती.

२२ एप्रिल

आज पाळत ठेवून बसले. पुन्हा चारलाच आली. पुन्हा तेच. एकदाच पुटपुटते, थांबते, जाते.

२३ एप्रिल

आजही.

२४ एप्रिल

पंख्याला वेगाच्या तीन चाव्या आहेत. इतके दिवस पहिलीवर होता. आज तिसरीवर केला. सगळी भिंत थरथरतेय. घाल आता मंत्र! वाऱ्यानं उडून तुझ्याच अंगणात पडतील.

तशी मला आता घरघर जाणवतही नाही. सवय झाली.

२५ एप्रिल

बाई हटत नाही. आज मान ताणून, तोंड मोठं उघडून म्हणाली काय ते. जोर वाढवलाय! मी झरोक्यातून बघतेय याची तिला कल्पना नाही. चेहरा ओढलेला वाटला. दुसऱ्याचं वाईट चिंतलं की चेहऱ्यावर येतंच.

काजळीसुद्धा हल्ली सारखी ओरडून घसा बसल्यासारखी करते. एकीचं बघून दुसरी.

२८ एप्रिल

वेगळंच घडलं. काल संध्याकाळपासून वीज नव्हती. पिवळी अंड्यांवर बसलेली, तिचे दिवस भरत आले होते. मी आशा सोडली होती. पण सकाळी बघते तर सगळीच्या सगळी बाहेर! एकही वाया नाही. सगळी एकाच वेळी निघालेली, ओली, चिवचिवणारी. आणि पिवळी अशी बोलत होती त्यांच्याशी की काय सांगू. मी कोपऱ्यात बसून राहिले, चूल पेटवायचं भान नाही. दुपारी वीज आली, मग उठले.

अर्थ उघड आहे. पंख्याची घरघर थांबल्यावर थोरलीला वाटलं असेल मी पहाऱ्याला उभी आहे. घाबरली आणि रात्रीचं काही केलं नाही.

की दुसरं काही? नाही. दुसरं काय असणार.

३ मे

पिवळीची पिल्लंही आता बहिरी. बोलावते, येत नाहीत. दोन चेंगरली तिच्याच पायाखाली. चिरडली जाताना ओरडली असतील की. आईनं पाय उचलायला नको?

आईच ऐकत नाही म्हटल्यावर कुणाला सांगायचं. आज जेवले नाही.

८ मे

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तरुण पोर आहे, चपला बाहेर काढून खुराड्यात वाकली. भरडा बघितला, पाणी बघितलं, अंडी उजेडात धरून बघितली. मग मला काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, मोठ्यानं बोला. ती ओरडली, ‘आधी हा पंखा बंद करा! मला माझंच ऐकू येत नाही!’

बंद नाही केला. तिलाच अंगणात आणली.

तर तिचं म्हणणं असं. कोंबडी पिल्लाशी बोलते ती अंड्यात असल्यापासून. शेवटच्या दिवसांत ती हळू आवाजात बोलत राहते, पिल्लं आतून उत्तर देतात, एकमेकांचं ऐकून सगळी बरोबरच बाहेर यायची तयारी करतात. पंख्यामुळे ना हिचं तिकडे पोचत, ना त्यांचं हिला. शिक्रा आल्याची हाकही तशीच बुडते. जनावर मग आणखी ओरडतं, नाहीतर जागा सोडून लांब जातं. ‘नाहीतर गप्पच बसतं,’ म्हणाली. ‘उत्तर येईना की किती दिवस हाका मारणार?’

मी म्हटलं, ‘भरड्यात काही सापडलं का, ते सांगा.’

‘भरडा चांगला आहे हो काकू. पंखा वाईट आहे.’ आणि मग म्हणते, ‘पलीकडच्या बाईंच्या बोक्याचा कान बघायला गेले होते मघाशी. त्यासुद्धा म्हणत होत्या, की तुम्ही त्यांच्या—’

बस! मी तिथंच हात वर केला. तिकडे चहा पिऊन आली होती तर! शिकवून पाठवलीय. माझ्या लेकराचा पंखा डोळ्यांत खुपतो, म्हणून हे सगळं. ‘तुमचे किती झाले?’ म्हटलं आणि बोळवलं.

१० मे

फटाकडी दोन आठवड्यांपासून शेवटच्या अंड्यांवर बसलीय. काळ्या जातीची एवढीच अंडी उरली. ही गेली की संपलं.

डोळ्यात तेल घालून बसलेय.

१४ मे

वाणी स्वतःहून म्हणाला, ‘थोरल्या बाईंनी माझ्याकडून ट्रंक नेली. रविवारी लेक गाडी घेऊन येतेय.’

मी पिशवी पुढे केली.

‘मी विचारलं त्यांना, एवढं राहतं घर सोडून कशाला जाता म्हणून. तर म्हणाल्या, हाकेला ओ देणारं कुणी उरलं नाही इथं.’

बघा नाटक! ओ द्यायला आधी हाक तर मारायला हवी. हाक कुणी बंद केली? मी? चार वाजले की अजून माझा हात पदराला पुसला जातो, निघायची तयारी म्हणून. मग आठवतं आणि मी भरड्याचं भांडं उचलते.

खरं लिहायचं तर मला ती जायला नको आहे. चेटकी का असेना. भिंतीपलीकडे कुणी आहे एवढं तरी असतं. आता तेही नाही राहणार.

१६ मे

झरोक्यातून बघितलं. आज आली, पण भिंतीपर्यंत नाही. उंबऱ्यावरूनच ओठ हलवले आणि वळली. थांबलीसुद्धा नाही.

थकली वाटतं मंत्र घालून.

१८ मे

फटाकडीचे दिवस भरले. संध्याकाळी मनात आलं — डॉक्टरीणबाईला एकदा खोटं पाडूनच टाकावं. एक रात्र पंखा बंद ठेवते, तरीही पिल्लं मरतील, मग त्या दोघींचं पितळ उघडं पडेल. बटण दाबलं.

पाती फिरत फिरत थांबली. मला क्षणभर भोवळच आली. इतकं गप्प! मग एकेक ऐकू यायला लागलं. पत्र्यावर काहीतरी सरकलं. तिच्या बाजूच्या वेलावर बुलबुल. माझाच श्वास.

आणि फटाकडी. मान खाली घालून, पोटाशी, अगदी हलक्या आवाजात — क्लुक, क्लुक. थांबायची. पुन्हा क्लुक. आणि खालून बारीकसं चीं. अंड्यातून! अजून जन्मही झाला नाही, आणि आईला ओ दिली.

मी खुराड्यात मांडी घालून बसले आणि ढसढसा रडले. डॉक्टरीणबाई खरं बोलत होती. म्हणजे भरड्यात कुणी काही कालवलं नव्हतं. म्हणजे इतकी पिल्लं माझ्याच हातानं गेली, लेकरानं मायेनं पाठवलेल्या पंख्यानं. तिसरी चावी तर मीच फिरवली होती.

पण मग थोरली रोज चारला पुटपुटते ते काय? ते काही पंख्यानं सुटत नाही. ते मी तिला रविवारच्या आत विचारणारच. तोंडावर विचारणार.

१९ मे

सगळी पिल्लं निघाली, काळीभोर. पंखा बंदच आहे. चार वाजले. मी झरोक्याशी गेलेच नाही, पिल्लांपाशीच बसले होते. भिंतीपलीकडून आवाज आला — ‘धाकटे, चहा टाकलाय!’

एकदाच. सवयीनं म्हटल्यासारखा, उत्तराची वाटही न बघता. पावलं आत वळलीसुद्धा.

मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले — ‘ओ! आले हो जाऊबाई, आले!’

पलीकडे कपबशी खाली पडून फुटली.