दाराखालचा उजेड

४ डिसेंबर

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

फोनवर आपण दोघी नुसत्याच गप्प बसतो, म्हणून लिहायला घेतलं. इथे थंडी वाढली आहे. शिवणकाम चाललंय, डोळे मात्र सुई ओवताना नखरे करतात.

काळजी आहे ती तू माझ्याकडे सोपवलेल्या, काचेच्या पेटीतल्या तुझ्या मामंजींची. मान हलवत जेवणाला नावं ठेवतो म्हणून तू सरड्याला सासऱ्याचा मान दिलास, तेव्हा माझा लेक लोळून हसला होता. आता मामंजींनी अन्नच सोडलंय. त्यांचा दिवा गेला, तर दुकानदाराने पुढ्यात इतके दिवे मांडले की मी गांगरले. सगळ्यात मोठा घेतला, एक लांब नळी घेतली, वर एक लाल दिवा. गारठू नयेत म्हणून सगळे रात्रंदिवस चालू ठेवते. तरी कोपऱ्यात तोंड उघडं टाकून बसतात. लेक गेला, त्याच्यामागे हे एवढंच जितंजागतं उरलंय. काय चुकतंय, कळव.

तुझी,
आई


१० डिसेंबर

ती. आईंस,
शि. सा. न.

तोंड उघडं म्हणजे मामंजींना उकडतंय. मोठा दिवा परत करा, मध्यम आणा आणि एका टोकाला, चपट्या दगडावर येईल असा लावा. दुसरं टोक गार राहू दे. नको झालं की तिकडे सरकता आलं पाहिजे. लांब नळी म्हणजे त्यांचं ऊन, ती दिवसभर हवी. लाल दिवा काढून टाका. आणि संध्याकाळ झाली की सगळं बंद. काळोख नाही तर झोप नाही, झोप नाही तर भूक नाही. आमच्या वॉर्डातल्या नवजात बाळांच्या पेट्यांवरही आम्ही रात्री चादर टाकतो.

तुम्ही जेवता ना? की तुम्हीही मामंजींच्या पंगतीला?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सूनबाई


१९ डिसेंबर

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

दगड, मध्यम दिवा, गार टोक, सगळं केलं. मामंजी दगडावर चढून ऐटीत बसले. पण खात नाहीत. दुकानदाराने विचारलं, रात्री बंद करता ना? मी हो म्हणाले. खोटं बोलले.

माझ्या शिलाई मशीनसमोर लेकाच्या खोलीचं दार आहे. लग्नाआधी तो इथे असायचा तेव्हा रात्री दाराखाली उजेडाची रेघ दिसायची. मी ओरडायचे, झोप आता. तो म्हणायचा, पाच मिनिटं, आई. आता तिथे ठेवलेल्या पेटीतला दिवा चालू असला की तीच रेघ दिसते. वाटतं, जागा आहे अजून. मग मला झोप लागते. मामंजी सुकत चाललेत, दिसतंय मला. पण बटणापर्यंत गेलेला हात मागे येतो. हसू नकोस.

आई


२६ डिसेंबर

ती. आईंस,
शि. सा. न.

हसले नाही. मी रात्रपाळी मागून घेतली आहे, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. दिवा मालवून रिकाम्या उशीशेजारी पडणं मला जमत नाही. वॉर्डात रात्रभर कुणी ना कुणी जागं असतं.

सोबत एक दिवा पाठवते आहे. चिनीमातीचा आहे. उजेड अजिबात देत नाही, फक्त ऊब देतो. थंडीच्या रात्रींसाठीच असतो. हात लावू नका, भाजेल. पुढच्या महिन्यात मला रजा आहे. पण माझ्यासाठी थांबू नका, आई. मामंजींना तेवढा धीर निघणार नाही.

तुमची,
सूनबाई


८ जानेवारी

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

दिवा पोचला, दुकानदाराने लावून दिला. त्या रात्री उजेड बंद केला. मशीनपाशी येऊन कितीतरी वेळ दाराखाली बघत बसले. काहीच नव्हतं. मग चाचपडत आत गेले, काचेवर तळवा ठेवला. कोमट होती. हळूच म्हणाले, झोप आता. कुणी पाच मिनिटं मागितली नाहीत.

आज मामंजींनी पाला खाल्ला. मान हलवून नावं ठेवली, मग सगळा संपवला.

रजेवर ये. माझ्या खोलीत झोप. मी घोरते, पण शेजारची उशी रिकामी राहणार नाही.

वाट पाहणारी,
आई