प्राचार्य निवासाचा हुकूम

३ जून
कॉलेजला पन्नास वर्षं झाली म्हणून पुस्तिका निघणार. त्यात ‘प्राचार्य निवास ते कार्यालय’ हा इतिहास मी लिहायचा! रजिस्ट्रार म्हणाले, त्या घराला तुमच्याइतकं कोण ओळखतं? खरंय. बाबा प्राचार्य होते तेव्हा आम्ही इथेच राहायचो. आता बावीस वर्षं मी रेकॉर्ड सांभाळते ते आईच्या स्वयंपाकघरात. ओट्यावर फायली, फडताळात शिक्के.

५ जून
खरं दुखणं इतिहासाचं नाहीच. नव्या प्राचार्यबाईंनी राहायला हेच घर मागितलंय. म्हाताऱ्या आईला एकटी ठेवून दीड तास बसने येतात बिचाऱ्या. घर कार्यालयाला दिल्याचा लेखी हुकूम दाखवला तर आम्ही राहणार. नाहीतर चला नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. रजिस्ट्रारांच्या गुडघ्यांना जिना नको, मला माझा ओटा सोडवत नाही. हुकूम शोधणारच! इतक्या वर्षांत माझ्या हातून एक कागद इकडचा तिकडे झालेला नाही.

९ जून
नाही सापडला.

१० जून
बाबांना विचारलं. म्हणाले, “हुकूम कसला? दोन दिवसांसाठी दिलं होतं.”

झालं होतं तसंच. परीक्षा विभागाचं छत गळायला लागलं, ते दोन दिवसांसाठी दिवाणखान्यात आले. बाबांच्या तोंडून ‘नाही’ कधी निघालंच नाही. मग लायब्ररीचे गठ्ठे माझ्या खोलीत. मग टायपिस्टबाई व्हरांड्यात. शेवटी आम्ही तिघं स्वयंपाकघरात झोपायचो आणि आंघोळीला जाताना आई शिपायाला विचारायची, रांग आहे का हो? हसून पुरेवाट व्हायची. आई फार हवी होती आज.

बाबा निवृत्त झाले, घरचे निघाले, पाहुणे राहिले. महिन्याभरात मलाही इथेच नोकरी लागली — पाहुण्यांकडे पाहुणी!

१४ जून
प्राचार्यबाई आपल्या आईला घर दाखवायला घेऊन आल्या. आजी सरळ माझ्या टेबलामागे. खिडकी ढकलली, बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. म्हणाल्या, “इथून येणारं माणूस लांबूनच दिसत असेल, नाही?”

दिसतं. माझी आई तिथेच उभी असायची, मी शाळेतून यायच्या वेळी. सांगणार होते. नुसतं ‘हो’ म्हटलं.

१६ जून
पुन्हा सगळी कपाटं पालथी घातली. मग लिहून टाकलं — ‘हे घर कार्यालयाला कायमचं दिल्याचा कागद उपलब्ध नाही.’ रजिस्ट्रार बोलेनासे झालेत.

१ जुलै
हललो एकदाचे. ओटा मी स्वतः घासून दिला. आजींनी त्यावर पहिला चहा केला. साखर जास्त. सगळा प्यायले.

४ जुलै
हुकूम सापडला. नव्या कपाटात फायली लावताना. ‘इमारती’ या गठ्ठ्यात नव्हताच. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ‘आमचं घर’ अशी वेगळी फाइल उघडून त्यात लावला होता! क्रमांक माझ्या अक्षरात. खाली बाबांची सही, शिक्का, तारीख, सगळं.

घरी नेऊन बाबांपुढे ठेवला. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचला.

“आठवत होतं मला,” म्हणाले, आणि घडी घालून खिशात ठेवला. मी परत मागितला नाही.