तीन थर आणि प्रणालीचा पाचवा महिना

७ जानेवारी
गर्भाच्या तीन थरांवरचं प्रकरण महिनाअखेर पुण्याला द्यायचं आहे. शाळेतल्या मुलांचं पुस्तक. सोपं हवं, पण खोटं नको. पहिला परिच्छेद चारदा खोडला. शेवटी जमलं ते असं: आधी एक सपाट चकती. तिच्या मधोमध खाच पडते, पेशी त्या खाचेतून आत उतरतात आणि तीन थर तयार होतात. वरच्यातून कातडी आणि मेंदू. मधल्यातून हाडं, स्नायू, हृदय, रक्त. आतल्यातून आतड्यांचं अस्तर, फुप्फुसं, यकृत. कातडी आणि मेंदू एकाच घरचे, हे मुलांना आवडेल. मलाही आवडलं.
थंडी वाढली. गिझर बंद. मिस्त्री "कल आता हूँ मॅडम" म्हणून गेलाय, कालपासून.

१० जानेवारी
प्रणाली तिरोड्याहून आली, सोबत सासू सुमनबाई. तिची आई, म्हणजे माझी ताई, गेल्यापासून प्र.चं माहेर म्हणजे हेच घर. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होती. आत तिच्यासोबत मी गेले. डॉक्टर बाळाच्या कमरेपाशी फार वेळ थांबले, तेव्हाच काहीतरी आहे हे कळलं. बाळाच्या पाठीचा कणा खाली उघडा वाटतोय, नागपूरला दाखवून नक्की करा, म्हणाले. शांतपणे सांगितलं. पाणी विचारलं.
घरात पाय ठेवल्यावर सुमनबाई सुरू: "दिवाईत स्कूटीनं बिरसीले कायले गेली व तू? त्या रोडनं बैलगाडी नाई जात नीट." तिचा नवरा निखिल ड्यूटीवर. त्याला फोनवर मीच सांगितलं.

११ जानेवारी
सकाळी सुमनबाई पुन्हा स्कूटीवर. म्हटलं, एकदाच नीट समजावून टाकावं. दिवाळीचा काही संबंध नाही. वरच्या थराच्या कडा वर वळतात, एकमेकींना भेटतात, त्याची नळी होते. तीच पुढे मेंदू आणि पाठीतला मज्जारज्जू. हे सगळं पहिल्या महिन्यात उरकतं. तेव्हा बाईला आपण गरोदर आहोत हेही धड ठाऊक नसतं.
त्यांना नळी कळेना. सुमनबाईंनी उभी हयात बिड्या वळल्या आहेत. म्हणून म्हणाले, तेंदूचं पान वळता ना, तसं. शेवटी तोंड मोडून बंद करता, तसं या नळीचंही टोक बंद व्हावं लागतं. इथे ते उघडं राहिलं.
त्यांना लगेच कळलं. उदाहरण चपखल होतं. प्रकरणात घालायचं हेही मनात येऊन गेलं.
मग त्या म्हणाल्या, "तोंड उघडं राह्यलं त कारखान्याचा चेकर फेकून देते ना ते बिडी."
प्र. दारात उभी होती. आत निघून गेली.

१२ जानेवारी
गिझर झाला.
प्र. जेवली, पण माझ्याशी कामापुरतंच बोलली.
सुमनबाई भाजी निवडताना: "तुमी लिवनारे लोकं. कायले बी कायच्यानं बी जोडून देता." मग थोड्या वेळाने, "म्या तसं म्हणाचं नव्हतं." मीही शेंगा सोलत राहिले.

१३ जानेवारी
स्कूटी सुटली, पण सुमनबाई आता मागे मोजत बसल्या आहेत. तो पहिला महिना म्हणजे नवरात्राच्या आसपास. तेव्हा त्यांना ताप होता आणि घरचं सगळं प्र.वर. "माह्यानंच झालं म्हना ना मंग." नाही म्हटलं. बहुतेक वेळा एक असं कारण सापडतच नाही. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिवस राहण्याआधीपासून घेतल्या तर धोका कमी होतो, पण आपल्याकडे त्या सुरू होतात दिवस गेल्याचं कळल्यावर. तोवर नळीचं काम आटोपलेलं असतं. हे सांगितलं आणि सांगताना कळलं की यातूनही त्या काहीतरी शोधणार. शोधलंच. "तं गोया आधी काऊन नाई देत कोनी?"
प्रकरणात चौकट करून हे घालायला हवं. घातलं.

१५ जानेवारी
पुण्याहून संपादक केतकीचा फोन. अर्धं प्रकरण पाठवलं होतं, ११ तारखेला दुपारी लिहिलेल्या परिच्छेदासकट. "मॅडम, बिडीचं उदाहरण फार सुंदर आहे हो, पण मुलांच्या पुस्तकात तंबाखू..." काढा म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही भांडाल असं वाटलं होतं."
त्या जागी दुसरं काही सुचत नाही. सध्या फक्त "कडा जुळतात" एवढंच ठेवलंय.

१७ जानेवारी
प्र. आणि निखिल नागपूरला. मी गेले नाही, तिने चल म्हटलं नाही. संध्याकाळी निखिलचा फोन: उघडी जागा आहे, खाली आहे, लहान आहे. पाय हलतात. डोक्यात पाणी सध्या नाही. जन्मानंतर ऑपरेशन करता येतं. चालेल का, लघवीवर ताबा राहील का, हे आज कोणी सांगू शकत नाही. गर्भ ठेवायचा की नाही, ते आठवडाभरात कळवा. "मावशी, मी त ठेवू म्हनतो. पन ते काईच नाई बोलून राहिली."

१८ जानेवारी
सुमनबाई तिरोड्याला परत. जाताना प्र.च्या डोक्यावरून हात फिरवला. "तू म्हनशीन तसं. मी पाहीन लेकराले, नाई ठेवलं त तुले पाहीन." एवढंच.
प्र. इथेच राहिली.

२१ जानेवारी
प्रकरण संपवत होते. प्र. चहा घेऊन समोर बसली. दहा दिवसांनी आपणहून बोलली.
"हृदय कोणत्या थरातलं?"
मधल्या.
"ते बरोबर आहे ना?"
रिपोर्टमध्ये तसंच आहे.
"फुप्फुसं?"
अस्तर आतल्या. तिथेही काही दोष दिसला नाही.
"आणि नखं?"
वरच्या, म्हटलं.
"जिथे बिघडलं त्याच?"
त्याच.
"मग त्यातलंही सगळं नाही बिघडलं." हा प्रश्न होता की नाही, कळलं नाही. नखं आता येत असतात, एवढं मी सांगितलं.
तिने कप धुऊन पालथे घातले. "उद्या निखिलला मीच फोन करते. तू नको करू."
काय सांगणार, ते मी विचारलं नाही.