आईच्या हातातली पट्टी

प्रिय लोर्कन,

लिव्हरपूलला तुमच्याकडेही असाच बोचरा वारा असेल. इथे बाकी सगळं ठीक आहे. काळी गाय व्याली, कालवड झाली. आई मात्र आता पलंगावरून उठत नाही. ईस्टरपर्यंत काढेल असं डॉक्टरांना वाटत नाही. खाणं म्हणजे चहात बुडवलेला पाव, पण जीभ शाबूत आहे. परवा म्हणाली, "उना, तुझ्या चहात चहा सोडून सगळं असतं." मरणाची तयारी तिने स्वतःच करून ठेवली आहे. निळा झगा, जपमाळ, केसांना लावायची पिन. तू फादर झालास त्या दीक्षेच्या दिवशी बिशपने तुझ्या हातांना पवित्र तेल लावून ज्या पांढऱ्या पट्टीने ते बांधले, ती पट्टी मात्र त्यात नव्हती. इथल्या प्रत्येक फादरची आई ती हातात घेऊन शवपेटीत झोपते. आईने ती मला फार पूर्वीच टाकून द्यायला सांगितली होती. मी टाकली नाही, उशांच्या अभ्र्यांखाली ठेवली.

यंदा फादरांनी घरी येऊन करायच्या मिस्सा-प्रार्थनेची पाळी आपली होती. आठवतं ना, पाळी आली की भिंतींना चुना लावायचा, शेजाऱ्यांच्या बशा मागून आणायच्या. आई पलंगावरून हुकूम सोडत होती. मिस्सा झाली, नवे फादर अंडी खाऊन गेले आणि बायका स्वयंपाकघरात जमल्या. विषय फादर हॅनलनचा. तो शिक्षा भोगून सुटतोय. पेग मॅकशेन म्हणाली, "फादरांना बायको करू दिली असती ना, तर हा पोरांच्या वाटेला गेला नसता मेला. एकट्या पुरुषाचं डोकं फिरणारच की." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग पेगने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम गप्प झाली. मी वेडी, मला वाटलं माझा केक बिघडला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "माझ्या मामाला बायको होती, पेग. सहा पोरं होती. आम्ही भाच्या त्याच्या गोठ्यात एकट्या जायचो नाही. आणि हॅनलन काय करतो ते चर्चमधल्या वरच्यांना ठाऊक होतं, तरी त्याला गावोगाव फिरवत राहिले. त्याचं बोल की." पेगने कप खाली ठेवला. तू एकदा मला लिहिलं होतंस की ब्रह्मचर्याने कुणी राक्षस होत नाही, पण ज्याला स्वतःबद्दल बोलायची चोरी असते तो दुसऱ्याचं पाप दिसलं तरी तोंड उघडत नाही. तू बरोबर की पेग की आई, मला ठरवता येत नाही. हॅनलनने ज्या मुलांचं वाटोळं केलं त्यांना या वादाचा काय उपयोग, हेही कळत नाही.

बायका गेल्या, आणि आईने मला दार लावायला सांगितलं. छताकडे बघत तिने विचारलं, "आपल्या लोर्कनने कुणाच्या लेकराला हात लावला होता का गं?"

इतकी वर्षं मी समजत होते, तू धर्मगुरूपद सोडून लग्न केलंस म्हणून ती रुसली आहे. पण हॅनलनला एका गावातून उचलून दुसरीकडे पाठवलं की वेदीवरून एकच वाक्य वाचायचे: फादर प्रकृतीच्या कारणाने विश्रांतीला गेले आहेत. तू गेलास तेव्हा बिशपला तुझ्या लग्नाची लाज वाटली, म्हणून तुझ्यासाठीही तेच वाक्य वाचलं. पुढे हॅनलन पकडला गेला आणि त्या विश्रांतीचा अर्थ सगळ्या गावाला कळला. आईलाही. तू लग्न केलंस हे तिला माहीत होतं, पण असा मामा पाहिलेल्या बाईला, लग्न केलं म्हणजे माणूस निर्दोष, असं कुठून वाटणार. विचारायची तिला भीती वाटत होती.

मी म्हटलं, "नाही आई. त्याचं डिम्प्नावर मन बसलं, एवढंच."

"ती मास्तरीण? चांगली मोठी बाई?"

"तुझ्याहून उंच आहे."

आई हसायला लागली आणि हसता हसता रडली. "मेल्याने तोंडावर सांगायचं होतं," म्हणाली. "बाईवरून मी फार तर दोन दिवस रुसले असते." मग तिने पट्टी मागितली; मी ती टाकली नसणार, हे तिला ठाऊकच होतं. अजून तेलाचा पिवळा डाग आहे तिच्यावर. काल नवे फादर म्हणाले, ज्याने धर्मगुरूपद सोडलं त्याची पट्टी चालते का, बिशपना विचारून सांगतो. आई म्हणाली, "विचारा सावकाश. तोवर मी जात नाही."

ती पट्टी तिच्या हातांना तूच बांधायचीस, असं तिचं म्हणणं आहे. त्याआधी ती जिवंत असताना यायचंस, डिम्प्नाला घेऊन, पुढच्या दाराने, दिवसाउजेडी. पेगला चहाला बोलावणार आहे ती, मुद्दाम. पण हा निरोप फोनवरही देता आला असता. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. गाव तुझ्याबद्दल काय समजतं हे तुझ्या कानावर नक्की गेलं असणार, म्हणूनच तू इकडे फिरकला नाहीस. आणि उनाच्याही मनात कुठेतरी तेच असेल, असं तुला वाटलं असणार. म्हणून सांगते, आईने विचारलं तेव्हा 'नाही' म्हणायला मला विचार करावा लागला नाही. ये.

तुझी वाट पाहणारी तुझी बहीण,
उना